भूत झालेली आई : एका समजुतीचा इतिहास

कोरेगांवच्या स्टेशनावर उतरून वसनेच्या खोऱ्यांत एखाद्या गाडीवाटेनें चालूं लागलें म्हणजे दोहों बाजूंस ऊंस उभा असतो. हा मुलूख मूळचा ज्वारीचा आणि घेवड्याचा. पाण्याची सोय होत गेली तसतसा उंसाचा फड घरांच्या अंगणापर्यंत येऊन भिडला. ऊंस पुरुषभर उंच झाला कीं त्यांत शिरलेला मनुष्य चार पावलांवर दिसेनासा होतो. थोड्याशा वाऱ्यानें पाचट वाजतें, आणि हांक कोणत्या बाजूनें आली तें कळत नाहीं. अशा वाटेनें दिवेलागणीनंतर लेकरूं एकटें धाडूं नये, असा रिवाज आहे. कारण विचारल्यास आज बिबट्याचें नांव सांगतात, आणि तें खोटेंहि नाहीं. परंतु बिबट्या फडांत वस्तीला येण्यापूर्वींहि ही भीति होतीच, आणि त्या वेळीं तिला बाईचें रूप होतें: मोकळ्या केंसांची, उलट्या पावलांची, दुसऱ्याच्या मुलावर डोळा ठेवणारी बाई. ही बाई कोण, आणि तिला भूत कोणीं केलें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय सुचण्यास निमित्त एका मराठी चित्रपटाचें झालें. विशाल फुरिया यांनीं दिग्दर्शित केलेला ‘लपाछपी’ हा चित्रपट जुलै २०१७ मध्यें प्रदर्शित झाला. त्यांतील नेहा ही आठ महिन्यांची गरोदर स्त्री. नवऱ्यावर कर्ज झालेलें, वसुलीचीं माणसें पाठीशीं लागलेलीं. म्हणून दोघें शहर सोडून आपल्या गाडीच्या चालकाच्या, भाऊरावाच्या, खेड्यांतील घरीं आसऱ्यास येतात. घर उंसाच्या फडांत एकटें आहे. भाऊरावाची बायको तुळसाबाई पाहुणीची बडदास्त ठेवते, तिला प्रेमानें खाऊं घालते. पण नेहाला घराभोंवतीं मुलें खेळतांना दिसूं लागतात, आणि मुलांच्या मागें एक स्त्री. मुलांचा खेळ लपाछपीचा. परंतु हळूहळू उमगतें कीं खरी लपवालपवी त्या घरानेंच चालविलेली आहे, आणि जें लपविलें आहे तें म्हणजे जन्मलेल्या मुलींची हत्या होय. पूजा सावंत यांनीं नेहाची आणि उषा नाईक यांनीं तुळसाबाईची भूमिका केली आहे. शेवट सांगून, ज्यांनीं तो पाहिला नाहीं त्यांचा विरस करीत नाहीं. त्याच दिग्दर्शकानें २०२१ सालीं ‘छोरी’ या नांवानें हीच कथा हिंदींत आणली.

हा चित्रपट पाहून कोणी म्हणेल कीं ही तऱ्हा परदेशी भयपटांवरून उचललेली आहे. शंका अगदींच निराधार नाहीं. २०१३ सालच्या ‘मामा’ या इंग्रजी चित्रपटांत अरण्यांतील एका ओसाड झोपडींत सांपडलेल्या दोन लहान बहिणींना एका मृत स्त्रीनें वाढविलेलें असतें. ही स्त्री एकोणिसाव्या शतकांत वेड्यांच्या इस्पितळांतून पळून, आपलें तान्हें मूल उराशीं धरून कड्यावरून उडी टाकते. पडतांना मूल तिच्यापासून तुटतें, आणि मेल्यावरहि ती तें शोधीत फिरते. मुलें परक्याचीं आणि त्यांना आपलीं म्हणून कवटाळणारी एक मेलेली आई, हा साचा दोन्हीकडे सारखाच आहे यांत संशय नाहीं. मात्र तो आपल्याकडे चित्रपटाच्या पेटींतून प्रथम आला असें समजणें चुकीचें होईल. त्याचीं मुळें आपल्याच वाङ्मयांत फार खोल गेलेलीं आहेत.

महाभारताच्या सभापर्वांत जरा राक्षसीची कथा आहे. मगधाचा राजा बृहद्रथ याच्या दोन राण्यांनीं ऋषीनें दिलेलें एक आंब्याचें फळ निम्में निम्में खाल्लें, आणि दोघींच्या पोटीं अर्ध्या अर्ध्या शरीराचीं दोन शकलें निपजलीं. राण्या घाबरल्या, दायांनीं तीं शकलें गुंडाळून बाहेर चव्हाट्यावर नेऊन टाकलीं. तेथें मांसाच्या लोभानें जरा आली. उचलून नेण्यास सोयीचें व्हावें म्हणून तिनें दोन्ही शकलें एकत्र धरलीं तों तीं सांधलीं गेलीं, आणि मूल मूठ तोंडांत घालून आक्रोश करूं लागलें. तिनें तें राजाच्या स्वाधीन केलें. म्हणून त्याचें नांव जरासंध. त्याच कथेंत ही राक्षसी आपणांस गृहदेवी म्हणविते, आणि जो कोणी लेकुरवाळ्या रूपांत आपलें चित्र भिंतीवर काढील त्याच्या घरीं समृद्धि नांदेल असें सांगते. या गोष्टींत मूल टाकलें तें राजवाड्यानें, आणि जगविलें तें राक्षसीनें. तरी राक्षसी हें नांव राहिलें तें तिचेंच. टाकणाऱ्यांना कथेनें कांहींच नांव ठेविलें नाहीं.

याहून अधिक बोलकी कथा हारीतीची, आणि तिची मूर्ति महाराष्ट्रांतच आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत, मुख्य गाभाऱ्याच्या शेजारीं, हारीती आणि तिचा पति पांचिक यांचें स्वतंत्र देवघर कोरलेलें आहे. तिच्या मांडीवर मूल आहे. पायथ्याशीं बारीक आकृतींत मुलांची शाळा भरली आहे. ही प्रसन्न माता मूळची राजगृहांतील यक्षिणी. स्वतः पांचशें पुत्रांची आई असून ती नगरांतील मुलें पळवून खात असे. तेव्हां बुद्धानें तिचा सर्वांत धाकटा मुलगा आपल्या भिक्षापात्राखालीं लपविला. ती सारें जग हुडकून थकली व रडत त्याच्यापाशीं आली. पांचशांतलें एक गेल्यानें तुला एवढें दुःख होतें, तर ज्यांचें एकुलतें एक तूं खाल्लेंस त्यांचें काय, असें त्यानें विचारतांच तिचे डोळे उघडले आणि ती मुलांची रक्षणकर्ती झाली. सातव्या शतकांत भारतांत आलेला चिनी यात्रेकरू इत्सिंग सांगतो कीं विहारांतून तिची प्रतिमा भोजनस्थानाजवळ असे आणि तिला नित्य अन्न वाढीत.

एवढी कथा पुष्कळांना ठाऊक असते. परंतु विनयपिटकाच्या एका परंपरेंत तिच्या पूर्वजन्माचा वृत्तांत आहे, तो सहसा कोणी सांगत नाहीं. पूर्वजन्मीं ती एका गवळ्याची गरोदर बायको होती. नगरांत उत्सव होता. त्यास निघालेल्या लोकांनीं तिला आपल्यांत ओढून नाचावयास लाविलें, आणि त्या श्रमानें तिचा गर्भ गळून पडला. लोक आपल्या वाटेनें निघून गेले. तेव्हां तिनें संकल्प केला कीं पुढच्या जन्मीं मी याच नगरांत येईन आणि यांचीं मुलें खाईन. म्हणजे लोक जिला मुलें खाणारी म्हणून भीत होते ती आरंभीं मूल गमावलेली होती, आणि तें तिनें गमावलें त्या लोकांच्याच मौजेपायीं. ग्रीक लोकांच्या लामियेची कथाहि अशीच आहे: हीरा देवीच्या मत्सरानें तिचीं मुलें गेलीं, आणि मग ती इतरांचीं मुलें भक्षूं लागली. अपराध आधीं, राक्षसीण मागाहून. पण लोकांच्या तोंडीं टिकते ती राक्षसीण, आणि अपराध गळून जातो.

आतां ग्रंथांतून घरांत येऊं. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत लहान मुलांना पछाडणारे नऊ ग्रह सांगितले आहेत. त्यांपैकीं शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना आणि मुखमंडिका हे सहा स्त्रीरूपी आहेत. काश्यपसंहितेंत जातहारिणी, म्हणजे जन्मलेलें हरण करणारी, हिचें सविस्तर वर्णन आहे. या सर्व जणींची मराठी वारसदार म्हणजे सटवाई. षष्ठीचें हें लोकरूप. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं पश्चिम महाराष्ट्रांतील मातृदेवतांचीं ठाणीं पायीं हिंडून पाहिलीं व १९६२ सालच्या आपल्या ग्रंथांत तीं नोंदविलीं, त्यांतहि सटवाई आहे. मूल जन्मल्याच्या सहाव्या रात्रीं ती येऊन कपाळीं लेख लिहिते, म्हणून तिच्यासाठीं कोरा कागद व लेखणी ठेवावयाची. आणि ती मूल नेईल म्हणून रात्रभर दिवा विझूं द्यावयाचा नाहीं. एकीच देवतेकडून वराची आशा आणि घाताची भीति अशी ही पूजा आहे.

सहावीच रात्र कां, याला वैद्यकांत आधार सांपडतो. नाळ कापण्यास जें शस्त्र हातीं येई, विळा असो कीं दगड, त्यावाटे नवजात अर्भकास धनुर्वात होई, आणि त्याचीं लक्षणें बहुधा पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडेच दिसूं लागतात. मूल अंगावर पिईनासें होतें, जबडा मिटतो, अंग ताठतें. ज्या आईनें पांच दिवस सुदृढ मूल पाजलें, तिच्या हातांतून तें सहाव्या-सातव्या दिवशीं असें जावें, हें पाहणाऱ्यांस कोणी अदृश्य हातानें ओढून नेल्यासारखें वाटलें असल्यास नवल नाहीं. आणि मुलाच्या आधीं पुष्कळदां आईच जाई. अंधाऱ्या कोंदट खोलींतील बाळंतपण, रक्तस्राव, सूतिकाज्वर, आणि लहान वयांत एकामागून एक आलेलीं गरोदरपणें यांनीं किती बायका नेल्या त्याची गणना कोणत्याहि बखरींत नाहीं. बखरीला लढाईंत पडलेल्यांची आठवण असते.

मग या बायकांची आठवण कोठें राहिली? ती राहिली भुतांच्या यादींत. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनीं मुंबई इलाख्यांतील शाळामास्तरांकडून प्रश्नांचीं उत्तरें मागवून लोकसमजुतींचा मोठा संग्रह केला होता. १९०९ सालीं नाशकांत त्यांचा वध झाला. पुढें ती सामग्री एन्थोवेन यांच्या हातीं आली, आणि १९२४ सालीं त्यांचा मुंबईच्या लोकविद्येवरील ग्रंथ निघाला. त्यांत दिलेल्या व आपल्या आजीपणजींच्या तोंडीं असलेल्या भुतांच्या नांवांकडे जरा बारकाईनें पाहावें. पुरुषभुतांत ब्रह्मसमंध, मुंजा, खवीस असे जे भेद आहेत ते जातीवरून, संस्कारावरून किंवा धर्मावरून पडलेले आहेत. स्त्रीभुतांची वर्गवारी मात्र निराळ्या तत्त्वावर आहे. नवरा जिवंत असतां मेली ती जखीण. विधवा मेली ती लावसट. बाळंतपणांत मेली ती अळवंतीण. जिवंतपणीं स्त्रीची ओळख जशी नवरा आणि मूल यांवरून ठरे, तशीच ती मेल्यावरहि ठरली. भूत झाल्यानेंहि तिची त्यांतून सुटका झाली नाहीं.

अळवंतिणीच्या अंत्यविधीचे जे प्रकार ठिकठिकाणीं सांगितले जात, ते वाचतांना मन उद्विग्न होतें. स्मशानांतून परततांना वाटेवर राळ्याचे किंवा मोहरीचे दाणे टाकीत यावयाचें, म्हणजे ते वेंचतां वेंचतां तिची रात्र सरेल आणि ती घरापर्यंत पोंचणार नाहीं. उंबऱ्यांत लोखंडी खिळा ठोकावयाचा. कालपर्यंत जी त्याच उंबऱ्याच्या आंत दळीत, पाणी भरीत होती, तिच्यासाठीं आज हा बंदोबस्त. भीति कसली? ती मुलासाठीं परत येईल, ही. येथें एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या घराला मेलेल्या सुनेची एवढी धास्ती वाटते, त्या घराला मनांत कोठें तरी ठाऊक असतें कीं आपण तिचें कांहीं देणें लागतों. निर्दोष मनाला दाणे टाकीत येण्याचें कारण पडत नाहीं.

येथवरचा इतिहास जुना झाला, असें म्हणून पुस्तक मिटतां आलें असतें तर बरें झालें असतें. प्रसूतीचीं रुग्णालयें झालीं, धनुर्वाताची लस आली, आणि सटवाईचा दरारा ओसरला. पण त्याच सुमारास गर्भांतील मूल दाखविणारें यंत्र आलें, आणि कृष्णेच्या खोऱ्यांत एक नवी लपवालपवी सुरू झाली. महाराष्ट्रानें १९८८ सालीं गर्भलिंगचाचणीवर नियंत्रण घालणारा कायदा सर्व राज्यांच्या आधीं केला. केंद्राचा कायदा १९९४ सालीं झाला. तरी २००१ च्या जनगणनेंत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें मुली महाराष्ट्रांत ९१३, सातारा जिल्ह्यांत ८७८ आणि सांगली जिल्ह्यांत ८५१ भरल्या. गडचिरोलीसारख्या गरीब, अरण्यप्रधान जिल्ह्याची स्थिति याहून पुष्कळ चांगली होती. म्हणजे हें दारिद्र्याचें पाप नव्हे. पाणी आलें, ऊंस आला, कारखान्याचा पैसा आला, जमिनीला मोल आलें. वांटणीची आणि हुंड्याची धास्ती वाढली, आणि चाचणीची किंमत मोजण्याची ऐपतहि त्याच घरांत आली.

ज्या मुली जन्मल्या त्यांतल्याहि कित्येकींचें स्वागत कसें झालें, हें त्यांच्या नांवांवरून कळलें. एकामागून एक मुली झाल्या म्हणजे शेवटचीचें नांव नकोशी ठेवावें, म्हणजे पुढें मुलगा होतो, अशी समजूत. २२ ऑक्टोबर २०११ रोजीं साताऱ्यांत एक समारंभ करून अशा पावणेतीनशेंहून अधिक मुलींना नवीं नांवें देण्यांत आलीं. ज्या मुलीला शाळेच्या हजेरींत रोज नकोशी म्हणून हांक मारली गेली आणि तिनें रोज हजर म्हणून उत्तर दिलें, तिच्या मनाचा विचार करावा. ‘लपाछपी’तील उंसाच्या फडांत जें भय दाटलें आहे तें कोरेगांव-साताऱ्याच्या प्रेक्षकाला दूरचें कां वाटत नाहीं, याचें उत्तर या हजेरीपत्रकांत आहे.

आणि तेवढ्यानेंहि झालें नाहीं. कोरेगांवाहून जी आगगाडी कराड, सांगली करीत मिरजेस पोंचते, त्या मिरजेजवळच्या म्हैसाळ गांवीं मार्च २०१७ मध्यें, गर्भपाताच्या वेळीं एक विवाहित स्त्री मरण पावल्यावरून पोलिसांनीं तपास केला, तों ओढ्याच्या कांठीं पुरलेले १९ गर्भांचे अवशेष निघाले. ‘लपाछपी’ प्रदर्शित झाला त्याच्या अवघे चार महिने अगोदरची ही गोष्ट. चित्रपट चार महिन्यांत तयार होत नाहीं. तेव्हां या घटनेवरून ती कथा बेतली असें कोणी म्हणूं नये. कथाकारानें जें कल्पिलें, तें त्याच खोऱ्यांत जमिनीखालीं पुरलेलें होतें, एवढाच याचा अर्थ. त्या मृत स्त्रीला आपल्या पणजीच्या भाषेंत काय म्हटलें असतें हें वाचकांस सांगावयास नको. तिच्याहि वाटेवर दाणे टाकले गेले असते.

आतां एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. सातारा ही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची भूमि. भुताखेतांच्या नांवानें चाललेल्या अन्यायाविरुद्ध ते आयुष्यभर झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांची हत्या झाली, आणि त्यानंतर त्यांनीं धरलेला जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रांत आला. भूत उतरविण्याच्या मिषानें मारहाण करणें, दोरानें बांधणें, चटके देणें हें त्या कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे. अशा प्रांतांत भुताचा चित्रपट काढणें म्हणजे विझत आलेल्या समजुतीला फुंकर घालणें नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु भगताचें भूत आणि गोष्टींतलें भूत यांत भेद केला पाहिजे. भगताच्या अंगणांत भुताच्या नांवानें मार खाते ती जिवंत बाई, आणि बहुधा तीच, जिला मूल होत नाहीं किंवा जिचें मूल गेलें आहे. ‘लपाछपी’त भीतीचा रोख फिरतो. प्रेक्षक आरंभीं फडांतल्या बाईला भितो. शेवटास त्याला भीति वाटते ती चुलीपाशीं बसून मायेनें घांस भरविणाऱ्या घराची. हारीतीच्या कथेंतील गळून गेलेला पूर्वजन्म येथें पुन्हा जागेवर बसविला आहे, आणि हेंच या चित्रपटाचें खरें यश आहे.

तथापि यश पुरें नाहीं. सर्व पापाचा भार अखेर पडतो तो एका म्हाताऱ्या बाईवर. भाऊराव निर्दोष आहे असें नव्हे. पण चित्रपटगृहांतून बाहेर पडणाऱ्याच्या डोळ्यांपुढें राहते ती तुळसाबाईच. उषा नाईक यांचा अभिनय इतका समर्थ आहे कीं तो हा दोष अधिकच वाढवितो. सासवांनीं सुनांना छळलें हें खरें. पण जमीन ज्यांच्या नांवावर, वंश ज्यांच्या नांवाचा आणि चाचणीचे पैसे ज्यांच्या खिशांतून गेले, ते पुरुष या कथेंत पडवींतच बसून राहतात. जरेच्या गोष्टींत दायांनीं शकलें चव्हाट्यावर टाकलीं, तेव्हां बृहद्रथ कोठें होता? दोन हजार वर्षांनंतरहि गोष्ट सांगणाऱ्याला राक्षसीण हवी असते, आणि ती बाईच असावी लागते.

एन्थोवेन यांच्या ग्रंथांत अळवंतीण आहे, जखीण आहे. पण त्यांतल्या एकीचेंहि माहेरचें किंवा सासरचें नांव नाहीं. मास्तरांनीं लिहून पाठविलें तेव्हां तीं नांवें गांवाला ठाऊक असलींच पाहिजेत. अमक्याच्या आडावर दिसते ती अमक्याची सून, एवढें तर प्रत्येक खेड्यांत सांगत. नांव सोडून जात लिहिली गेली. साताऱ्यांत नकोशीला नांव मिळालें, ही त्या दृष्टीनें लहान गोष्ट नव्हे. उंसाच्या वाटेवर थबकून एखादें लेकरूं विचारील कीं इथें कोण दिसतें, तर त्याला भूत नाहीं म्हणून सांगावें, तें सत्यच आहे. पण तेवढ्यावर न थांबतां, इथें एक बाई होती, तिचें अमुक नांव होतें, आणि तिच्या मुलाचें असें असें झालें, एवढेंहि सांगावें. मुलगा असो कीं मुलगी, तें ऐकण्याइतकें तें मोठें झालेलें असतें.